शेजारी राहणारी जनुकं

ओटचं बी ओल्या कागदावर रुजत घातलं की काही दिवसांत त्याला पांढरी, नाजूक मुळं फुटतात. अंधाऱ्या खोलीत ही मुळं अतिनील प्रकाशाखाली धरली तर त्यांची टोकं निळसर उजळतात. हा उजेड अ‍ॅव्हेनासिन नावाच्या रसायनाचा. ओटचं रोप ते मुळांच्या बाहेरच्या थरात साठवतं आणि जमिनीतल्या बुरशीला त्याच्या जोरावर लांब ठेवतं. गव्हाची मुळं काळी पाडून उभं पीक बसवणारी ‘टेक-ऑल’ नावाची बुरशी आहे. ती ओटच्या वाटेला सहसा जात नाही, याचं एक मोठं कारण हे रसायन.

इंग्लंडमधल्या नॉरिच इथे अ‍ॅन ऑस्बोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या निळ्या उजेडाचाच उपयोग करून घेतला. त्यांनी एका ओटच्या बियांवर डीएनएत बदल घडवणारं रसायन वापरलं, पुढच्या पिढीची रोपं वाढवली आणि ज्यांच्या मुळांतून अ‍ॅव्हेनासिन नाहीसं झालं होतं ती रोपं वेचून काढली. अशी दहा हाती लागली. १९९९ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की अ‍ॅव्हेनासिन नसलेल्या या रोपांना बुरशी धरते. रसायन गेलं, संरक्षण गेलं.

खरं नवल पुढे आहे. अ‍ॅव्हेनासिन एका झटक्यात तयार होत नाही. एक रेणू घ्यायचा, त्याचा आकार बदलायचा, त्यावर ऑक्सिजन बसवायचा, मग साखरेचे रेणू जोडायचे, असं टप्प्याटप्प्यानं ते घडतं आणि दर टप्प्याला वेगळं एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवणारं प्रथिन, लागतं. या दहा रोपांमध्ये वेगवेगळे टप्पे बंद पडले होते. कोणत्या रोपात कोणतं जनुक बिघडलंय हे शोधण्यासाठी संशोधकांनी त्यांचे संकर केले, तेव्हा दिसलं की बिघडलेली बहुतेक जनुकं पुढच्या पिढीत एकत्रच जातात. म्हणजे ती गुणसूत्रावर एकमेकांच्या शेजारी राहतात. २००४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २०२१ मध्ये पूर्ण चित्र मिळालं: अ‍ॅव्हेनासिनच्या वाटेवरची १२ जनुकं, गुणसूत्राच्या एका टोकाजवळ, एका वस्तीत.

यात नवल काय, हे कळायला जनुकांच्या पत्त्यांकडे बघावं लागतं. मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस हे वनस्पतिशास्त्रज्ञांच्या रोजच्या वापरातलं छोटं झाड घ्या. त्याची साधारण २७,००० जनुकं गुणसूत्रांच्या पाच जोड्यांवर पसरली आहेत. एक जनुक म्हणजे, ढोबळमानानं, एका प्रथिनाची कृती. एखादं रसायन बनवायला दहा एन्झाइमं लागत असतील तर दहा कृती हव्यात. पण त्या कृती ग्रंथाच्या एकाच पानावर असायची गरज नसते. जनुक कुठेही असो, त्याच्यावरून तयार झालेलं एन्झाइम पेशीत आपल्या कामाच्या जागी पोचतं. फुलांना लाल-जांभळा रंग देणाऱ्या अँथोसायनिनची जनुकं सहसा वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली असतात आणि फुलं तरीही व्यवस्थित रंगतात. त्यामुळे वनस्पतींच्या जनुकांची मांडणी यदृच्छेनं झालेली असते असंच बराच काळ मानलं जात होतं.

जिवाणूंची गोष्ट वेगळी. फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये मांडलं, की दुधातली साखर पचवणारी जनुकं जिवाणूत ओळीनं मांडलेली असतात आणि एकाच स्विचवर चालतात. या मांडणीला ओपेरॉन म्हणतात. या कामासाठी १९६५ चं नोबेल पारितोषिक त्या दोघांना, आंद्रे ल्वॉफ यांच्यासह, मिळालं. एकाच कामाची जनुकं एका ओळीत, हे जिवाणूंचं वैशिष्ट्य म्हणून पुस्तकात शिकवलं जाऊ लागलं आणि ते योग्यच होतं.

मग वनस्पतींत असे पुंज, म्हणजे एकाच कामाच्या जनुकांच्या वस्त्या, दिसू लागल्यावर पहिली शंका उसनवारीची येणं साहजिक होतं. जिवाणू एकमेकांना आणि कधी कधी इतर जीवांनाही डीएनएचे तुकडे देतात. एखादा अख्खा ओपेरॉन कधीतरी एखाद्या वनस्पतीत शिरला असेल का? ही शंका टिकली नाही, आणि ती का टिकली नाही यातच या विषयाची किल्ली आहे. एक तर वनस्पतीच्या पुंजातलं प्रत्येक जनुक स्वतःच्या स्वतंत्र स्विचवर चालतं. जिवाणूसारखा सगळ्यांचा मिळून एक सलग संदेश तिथे निघत नाही. दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं: या जनुकांचे जवळचे नातेवाईक जिवाणूंत सापडत नाहीत. ते त्याच झाडात, दुसऱ्या कामावर असलेले सापडतात.

घरातलीच माणसं, नवं काम

वनस्पतीतला पहिला असा पुंज मक्यात सापडला. १९९७ मध्ये म्युनिकच्या मोनिका फ्राय, आल्फोन्स गियर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या चौथ्या गुणसूत्रावर पाच जनुकं एकमेकांजवळ असल्याचं दाखवलं. ही पाच मिळून डिंबोआ नावाचं रसायन घडवण्याचा मुख्य रस्ता चालवतात. कोवळ्या मक्याचं देठ पोखरणाऱ्या अळ्यांपासून डिंबोआ त्याला वाचवतं. या पाचांची नावं साधी आहेत: बीएक्स-१ पासून बीएक्स-५ पर्यंत.

बीएक्स-१ ची कहाणी मला फार आवडते, कारण उत्क्रांती नवं काम कसं उभं करते ते तिच्यात स्वच्छ दिसतं. प्रत्येक वनस्पतीला ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल लागतं. ते बनवणारं यंत्र दोन भागांचं असतं. पहिला भाग इंडोल नावाचा छोटा रेणू तयार करतो आणि तो बाहेर न सांडता थेट दुसऱ्या भागाच्या हाती देतो. दुसरा भाग त्यापासून ट्रिप्टोफॅन बनवतो. मक्याच्या पूर्वजात कधीतरी या पहिल्या भागाच्या जनुकाची जास्तीची प्रत तयार झाली. मूळ प्रत आपलं काम करत राहिली, त्यामुळे झाडाचं काही अडलं नाही. जास्तीच्या प्रतीला मात्र बदलायची मोकळीक मिळाली. बदलता बदलता ती जोडीदाराशिवाय काम करू लागली. इंडोल तयार करायचा आणि मोकळा सोडून द्यायचा. ती प्रत म्हणजे बीएक्स-१. मोकळा सुटलेला तो इंडोल बीएक्स-२ ते बीएक्स-५ ही एन्झाइमं उचलतात आणि एकामागून एक त्याच्यावर ऑक्सिजन बसवत जातात. ही चारही एकमेकांची भावंडं आहेत. एकाच जनुकाच्या लागोपाठ प्रती निघाल्या आणि प्रत्येकीनं पुढचा एकेक टप्पा वाटून घेतला.

ओटमध्येही हाच प्रकार दिसतो. पेशीच्या पडद्याला आधार देणारे स्टेरॉल बनवणं हे प्रत्येक वनस्पतीचं रोजचं, चुकवता न येणारं काम. अ‍ॅव्हेनासिनच्या वाटेवरची पहिली दोन जनुकं, सॅड-१ आणि सॅड-२, या स्टेरॉलच्या कामावरच्या जनुकांच्या प्रतींतून आली आहेत. सॅड-२ ज्या घराण्यातून आलं ते घराणं तर विलक्षण सनातनी आहे. प्राणी, बुरशी आणि वनस्पती या तिन्हींत ते स्टेरॉलवरचं एकच काम युगानुयुगं करत आलंय. अशा घराण्यातली एक प्रत ओटमध्ये वाट सोडून गेली आणि संरक्षणाच्या कामाला लागली.

वनस्पतींमध्ये जनुकांच्या प्रती निघण्याचं प्रमाण मोठं आहे. कधी एखादं जनुक दुणावतं, कधी गुणसूत्राचा तुकडा, तर कधी पेशी विभागताना चूक होऊन सगळाच जीनोम, म्हणजे पेशीतला अख्खा डीएनए, दुप्पट होतो. अफूच्या झाडाच्या पूर्वजात अशी संपूर्ण दुप्पट सुमारे ७८ लाख वर्षांपूर्वी झाली असावी, असं २०१८ मध्ये त्याचा जीनोम वाचल्यावर लक्षात आलं. बहुतेक जास्तीच्या प्रती कालांतरानं मोडून जातात. थोड्या टिकतात, आणि त्या थोड्यांतून वनस्पतींचं रसायनशास्त्र फुलतं. वनस्पती मिळून दोन लाखांहून अधिक वेगवेगळे रेणू बनवत असाव्यात, असा अंदाज आहे. झाडाला पळता येत नाही. त्याची लढाई, त्याचं बोलावणं, त्याचा निषेध, सगळं रेणूंतून होतं.

इथवर नवी जनुकं कशी आली ते कळलं. पण ती एकमेकांशेजारी कशी आली, हा प्रश्न वेगळा आहे. बीएक्स-२ ते ५ सारख्या प्रती मुळातच शेजारी जन्मतात, त्यांचं सोपं आहे. सॅड-१ आणि सॅड-२ मात्र वेगवेगळ्या घराण्यांतले, वेगवेगळ्या पत्त्यांवरचे. त्यांना कोणीतरी हलवलं असलं पाहिजे.

हलवाहलव करणारे बरेच आहेत. जीनोममध्ये उड्या मारणारे डीएनएचे तुकडे असतात, त्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. मक्याच्या जीनोमचा बहुतांश भाग अशाच तुकड्यांनी आणि त्यांच्या अवशेषांनी भरलेला आहे. हे तुकडे स्वतः उडताना कधी शेजारचं जनुकही सोबत नेतात. ते जागोजागी सारखे असल्यामुळे गुणसूत्र जुळवताना गोंधळ होतो आणि चुकीच्या जागी सांधा बसतो. अरॅबिडॉप्सिसमधले थॅलिआनॉल आणि मार्नेराल या रसायनांचे पुंज अशाच ट्रान्सपोझॉननं गजबजलेल्या, अस्थिर भागांत आहेत. ओटचा पुंज गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे, आणि टोकाजवळचे भागही मधल्या भागांपेक्षा जास्त उलथापालथ सोसतात. ओटच्या त्या भागाला इतर गवतांच्या जीनोममध्ये जोडच सापडत नाही. ओटची शाखा वेगळी झाल्यानंतर तिथे सगळं नव्यानं वसलं आहे.

अर्धी वाट जीवघेणी असते

उलथापालथ होत असते म्हणून जनुकं एकमेकांजवळ येतात, हे खरं. पण उलथापालथ त्यांना लांबही नेईल. जवळ आलेली जवळच राहिली, याचा अर्थ तसं राहिलेल्या झाडांचा काहीतरी फायदा झाला. तो फायदा कोणता, हा या सगळ्याचा गाभा आहे.

पिढी बदलताना काय होतं ते बघू. आईकडून आलेलं आणि बापाकडून आलेलं अशी गुणसूत्रांची जोडी परागकण किंवा बीजांड तयार होताना एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करते. गुणसूत्रावर लांब लांब असलेली जनुकं या अदलाबदलीत सहज वेगळी होतात. शेजारी असलेली सहसा एकत्र जातात. समजा, कुलूप एका भावाच्या वाटणीला गेलं आणि किल्ली दुसऱ्याच्या, तर दोघांनाही त्याचा उपयोग नाही. पण दोन्ही एकाच पेटीत असतील तर ज्याला पेटी मिळेल त्याचं काम होईल. एकमेकांसोबत असतानाच उपयोगी पडणारी जनुकं जवळ येण्याकडे निवडीचा कल राहील, हे तर्कानं संख्याशास्त्रज्ञ आणि जनुकशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३० मध्येच सांगितलं होतं. तेव्हा डीएनएची रचनाही कळलेली नव्हती.

अफूच्या झाडात ही पेटी प्रत्यक्ष दिसली. नॉस्कॅपिन हे खोकला शमवणारं अल्कलॉइड काही वाणांत असतं आणि काहींत नसतं. २०१२ मध्ये ब्रिटनच्या यॉर्क विद्यापीठातल्या इयन ग्रॅहम यांच्या गटानं नॉस्कॅपिन बनवणाऱ्या वाणात दहा जनुकांचा पुंज शोधला. ज्या वाणांत नॉस्कॅपिन नव्हतं त्यांत ही दहाच्या दहा जनुकं जीनोममधूनच गायब होती. दहापैकी चार आहेत आणि सहा नाहीत, असं नाही. असेल तर सगळं, नसेल तर काहीच नाही.

हे ‘सगळं किंवा काहीच नाही’ नुसतं सोयीचं नसून जीव वाचवणारं आहे, असं मला या विषयातलं वाचताना वारंवार जाणवलं. कुलूप-किल्लीचा दाखला इथे अपुरा पडतो. किल्लीशिवायचं कुलूप निरुपयोगी असतं, घातक नसतं. रसायनाची अर्धी वाट मात्र घातक ठरू शकते.

ज्वारीच्या कोवळ्या पानांतलं धुरिन घ्या. हे रसायन बनवायला तीन मुख्य एन्झाइमं लागतात. पहिली दोन मिळून टायरोसिन या अमिनो आम्लापासून एक अस्थिर रेणू तयार करतात. हा रेणू तसाच सोडला तर फुटतो आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतो. तिसरं एन्झाइम त्यावर साखरेचा रेणू बसवून त्याला शांत करतं, आणि ते शांत रूप म्हणजे धुरिन. जनावरानं पान चावलं की पेशी फुटतात, दुसरीकडे राखून ठेवलेलं एन्झाइम येऊन साखर काढून टाकतं आणि सायनाइड सुटतो. आता असं समजा की एखाद्या रोपाला पहिली दोन जनुकं मिळाली आणि तिसरं मिळालं नाही. ते रोप शत्रू येण्याची वाट न पाहता स्वतःलाच विष पाजत राहील. ज्वारीत ही तीन जनुकं एकमेकांजवळ आहेत, यामागचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

ओटमध्ये तर याचा थेट पुरावा आहे. सुरुवातीला सांगितलेल्या दहा रोपांपैकी काहींत अ‍ॅव्हेनासिनच्या वाटेचा शेवटचा भाग, म्हणजे साखर जोडण्याचा टप्पा, अडला होता. त्या रोपांत अर्धवट तयार झालेला रेणू साठत गेला आणि मुळं खुरटली, मुळांवरचे केस नीट वाढेनात. मग संशोधकांनी अशाच रोपात वाटेचा पहिला टप्पाही बंद पाडून पाहिला. अर्धवट माल तयार होणंच थांबलं आणि मुळं सुधारली. एक बिघाड असताना रोप आजारी, आणि त्याच्या जोडीला आणखी एक बिघाड आल्यावर रोप सावरलेलं! वाट पूर्ण चाला, नाहीतर तिच्यावर पाऊलच ठेवू नका, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारा प्रयोग मला माहीत नाही.

ओटच्या पुंजातला क्रमही या संदर्भात बोलका आहे. १२ जनुकांची गुणसूत्रावरची मांडणी साधारणपणे रसायनाच्या टप्प्यांच्याच क्रमानं आहे. वाटेच्या सुरुवातीची जनुकं गुणसूत्राच्या टोकाकडे, शेवटची आतल्या बाजूला. गुणसूत्रांची टोकं तुटण्याचा धोका जास्त असतो. टोक तुटलं तर आधी सुरुवातीचे टप्पे जातील. म्हणजे अ‍ॅव्हेनासिन मिळणार नाही, पण विषारी अर्धवट मालही साठणार नाही. क्रम उलटा असता तर टोक तुटताच रोपानं स्वतःला मारायला सुरुवात केली असती. ही मांडणी याच कारणानं टिकली असावी असा संशोधकांचा कयास आहे. तो अजून सिद्ध व्हायचा आहे, हे लक्षात ठेवूनही मला तो पटण्याजोगा वाटतो.

एकाच छपराखाली दिवे लावणं, मालवणं

शेजाराचा दुसरा फायदा दिव्यांचा. अ‍ॅव्हेनासिन मुळांच्या टोकाशीच हवं, पानात नको. म्हणजे सगळी जनुकं एकाच जागी, एकाच वेळी चालू झाली पाहिजेत. डीएनए पेशीत मोकळा पडलेला नसतो, हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. घट्ट गुंडाळलेला भाग वाचता येत नाही, सैल झालेला वाचता येतो. ओटच्या मुळांच्या ज्या पेशींत अ‍ॅव्हेनासिन बनतं, त्यांत पुंजाचा अख्खा भाग सैल झालेला दिसतो. अरॅबिडॉप्सिसमध्ये शांत असलेल्या पुंजांवर ‘इथे वाचू नये’ अशी रासायनिक खूण सलग पसरलेली सापडते. २०२० मध्ये असंही दिसलं, की पुंज चालू असताना आणि बंद असताना केंद्रकात त्याची घडी आणि जागा दोन्ही वेगळी असतात. बंद असताना तो केंद्रकाच्या कडेला, इतर निजलेल्या डीएनएच्या संगतीत जातो.

तरी याच कारणानं पुंज तयार होतात, असं म्हणायला मी धजणार नाही. विखुरलेली जनुकंही एका तालात चालू शकतात. काकडीचा कडवटपणा ज्या क्युकर्बिटासिनमुळे येतो, त्याच्या वाटेवरची नऊ जनुकं २०१४ मध्ये समोर आली. त्यांतली काही एका जागी आहेत, काही दुसऱ्या गुणसूत्रांवर. पण पानात एक नियंत्रक प्रथिन आणि फळात दुसरं, या सगळ्यांना मिळून चालू करतं. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करत काकडी गोड केली ती मुख्यतः फळातला हा नियंत्रक मंदावून. कडवट करणारी यंत्रणा तिच्यात अजून तशीच आहे, त्यामुळे पानं कडूच राहिली.

गव्हातही हे दिसतं. मक्यातली डिंबोआची बीएक्स जनुकं गव्हाकडेही आहेत, पण तिथे पहिली दोन एका गुणसूत्रावर आणि पुढची तीन दुसऱ्यावर आहेत. पुंज फुटला, तरी रसायन बनतच राहिलं. सातूच्या लागवडीखालच्या जातीत मात्र ही जनुकं उरलेली नाहीत, जंगली नातेवाइकांपैकी काहींत आहेत. म्हणजे पुंज जन्मतात, मोडतात, हरवतातही.

पुन्हा पुन्हा तोच शोध

सायनाइड सोडणारी रसायनं ज्वारीप्रमाणेच कसाव्यातही असतात आणि लोटस जॅपोनिकस या शेंगावर्गीय रोपातही. तिन्हींत ती बनवणारी जनुकं पुंजात आहेत. पण वाटेवरची सगळी एन्झाइमं एकाच घराण्यातली नाहीत. २०११ मध्ये या तिघांची तुलना झाली तेव्हा असं दिसलं, की एका मूळ पुंजाचा वारसा तिघांकडे आलेला नसून प्रत्येक शाखेत पुंज नव्यानं जमला असावा.

याहून चकित करणारं उदाहरण मोमिलॅक्टोनचं. भात हे रसायन बनवतो आणि मुळांवाटे जमिनीत सोडतो, त्यामुळे आसपासच्या दुसऱ्या रोपांची वाढ दबते. भाताच्या चौथ्या गुणसूत्रावर त्याचा पुंज आहे. आता एक शेवाळ आहे, मॉस वर्गातलं, ज्याला ना फूल, ना बी. तेही मोमिलॅक्टोन बनवतं, आणि २०२० मध्ये दिसलं की त्याच्यातही त्यासाठी पुंजच आहे. भात आणि मॉस यांचे पूर्वज ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. दोघांची एन्झाइमं वेगळ्या मुळांतली आहेत. रेणू तोच, मांडणीची युक्ती तीच, आणि दोघांनी ती स्वतंत्रपणे साधलेली. एखादी गोष्ट एकदा घडली तर तो योगायोग म्हणता येतो. इतक्या लांबच्या दोन शाखांत ती घडली, की मागे काहीतरी जोर आहे हे मानावं लागतं.

गवतांच्या बाबतीत आणखी एक शक्यता पुढे आली आहे. भाताच्या शेतात वाढणाऱ्या बार्नयार्ड गवतातही मोमिलॅक्टोनचा पुंज आहे. अनेक गवतांच्या जीनोमची तुलना करून २०२२ मध्ये संशोधकांनी मांडलं, की असे पुंज एका गवताच्या शाखेतून दुसऱ्या शाखेत आडव्या वाटेनं, म्हणजे वंशपरंपरेनं न येता थेट, गेले असावेत. तसं असेल तर पेटीचा आणखी एक उपयोग कळतो: सगळं सामान एकत्र बांधलेलं असलं की ते दुसऱ्या घरी नेणंही सोपं.

शेजार किती वाढू शकतो याचं टोक अफूच्या झाडात सापडतं. २०१८ मध्ये वाचलेल्या जीनोममध्ये नॉस्कॅपिनच्या दहा जनुकांलगत मॉर्फिनच्या वाटेवरचीही जनुकं निघाली, मिळून १५. त्यांतलं एक मुळात दोन जनुकं होती. ती एकमेकांना चिकटून एकच झाली, आणि आता एकाच प्रथिनाचे दोन भाग रेटिक्युलिन या रेणूची डावी-उजवी बाजू पालटण्याचे दोन टप्पे उरकतात. हे पालटल्याशिवाय मॉर्फिनकडे जाताच येत नाही. इथे शेजाऱ्यांमधली भिंतच उरली नाही.

या शेजाराचा माणसाला झालेला फायदा सरळ आहे. पूर्वी एखाद्या औषधी रेणूच्या वाटेवरचं एक जनुक सापडलं, तर पुढचं हजारोंच्या गर्दीत शोधावं लागे. आता सापडलेल्या जनुकाच्या शेजारी कोण राहतं ते आधी पाहतात. जीनोम चाळून असे संभाव्य पुंज दाखवणारे संगणकीय कार्यक्रम २०१७ पासून वापरात आहेत. ते दाखवतात त्यातलं सगळं खरं निघत नाही. शेजारी राहणारा प्रत्येक जण एकाच कामावर असतो असं नाही, आणि गव्हासारख्या ठिकाणी खरा सहकारी दुसऱ्याच गुणसूत्रावर असतो. पण सुरुवात करायला जागा मिळते. सापडलेली जनुकं मग तंबाखूच्या पानात किंवा यीस्टमध्ये घालून पाहतात. अ‍ॅव्हेनासिनची पूर्ण वाट अशी तंबाखूच्या एका नातेवाइकाच्या पानात उभी राहिली आहे, आणि २०१८ मध्ये तीसहून अधिक एन्झाइमं यीस्टमध्ये बसवून त्याच्याकडून नॉस्कॅपिन करून घेतलं गेलं.

पुंज घडताना पाहता येतो का, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. लाखो वर्षांचं काम डोळ्यांसमोर कसं दिसणार? अरॅबिडॉप्सिसच्या थॅलिआनॉलनं त्याचं उत्तर दिलं आहे. मुळांतून झिरपून आजूबाजूच्या जिवाणूंची वस्ती घडवणाऱ्या रसायनांच्या कुळात हा रेणू येतो. त्याचा पुंज पाचव्या गुणसूत्रावर आहे, आणि तो तुलनेनं अलीकडचा, अरॅबिडॉप्सिसच्याच वंशात जमलेला आहे. प्रयोगशाळांमध्ये सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या वाणात या वाटेवरचं एक जनुक मुख्य वस्तीपासून थोडं दूर आहे, मध्ये वाटेशी संबंध नसलेली जनुकं येतात. पण जगात ठिकठिकाणी गोळा केलेली अरॅबिडॉप्सिसची रोपं २०२० मध्ये एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा अनेकांत गुणसूत्राचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी तुटून उलटा बसलेला सापडला. तो उलटताना लांबचं जनुक आत आलं आणि वस्ती आखूड झाली. एकाच जातीची ही रोपं, आज, एकाच वेळी उगवतात. काहींच्या पेशीत ते जनुक अजून वेशीबाहेर आहे आणि काहींच्या पेशीत ते राहायला आलं आहे.